नऊ वर्षांच्या मुलाला मित्रांसोबत 'डोअर्स' खेळू द्यावं का?

प्रश्न थोडक्यात असा: मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. सुट्टीत तेरा वर्षांच्या आतेभावाने त्याच्या टॅबवर रोब्लॉक्स (असंख्य ऑनलाइन गेम असलेलं ॲप) टाकून दिलं. तेव्हापासून हे दोघं आणि सोसायटीतली आणखी दोन मुलं रोज रात्री जेवणं झाली की आपापल्या घरून 'डोअर्स' नावाचा भुताचा गेम एकत्र खेळतात. गेले तीन आठवडे मुलगा रात्री एकटा बाथरूमला जात नाही, आईला दाराशी उभं करतो. गेम बंद करू म्हटलं तर मात्र रडून गोंधळ घालतो. वडील म्हणतात, "मुलग्याने इतकं घाबरून कसं चालेल? खेळू दे, सवय होईल." आई विचारते, हा गेम या वयाला योग्य आहे का, की सरळ काढून टाकू?

आधी उत्तर देते, कारणं मागाहून. तुमच्या मुलासाठी, आत्ता, तो ज्या पद्धतीने खेळतोय त्या पद्धतीने: नको. निदान महिनाभर थांबवा. पण हा गेम मुलांसाठी वाईटच, असं माझं मत नाही आणि तुम्हीही त्याच्यासमोर तसं बोलू नका. दहा-अकरा वर्षांची कितीतरी मुलं हा गेम खेळतात, किंचाळतात, खिदळतात आणि शांत झोपतात. फरक कुठे पडतो हे कळलं, तर उद्या दुसरा कुठला गेम समोर आला तरी तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

मी सतरा वर्षं नाशिकमध्ये मुलांच्या समुपदेशनाचं काम करते. 'डोअर्स' ऑगस्ट २०२२ मध्ये रोब्लॉक्सवर आला आणि त्या दिवाळीच्या सुट्टीनंतर माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या तोंडी रश, फिगर, सीक ही त्यातल्या भुतांची नावं यायला लागली. मूल कशाला घाबरतंय ते आपण स्वतः पाहिलेलं नसेल तर बोलणं वरवरचं होतं, म्हणून भाचीला शेजारी बसवून मी तो खेळायला शिकले. तुम्हीही एकदा खेळा. निदान तासभर मुलाच्या शेजारी बसून बघा.

एक जुनं हॉटेल आहे, त्यात शंभर दारं. एक दार उघडून पुढच्या खोलीत जायचं, ड्रॉवर उचकून किल्ल्या, लायटर, सोन्याची नाणी शोधायची. मधेच खोलीतले दिवे लुकलुकतात. म्हणजे रश येतोय. काही सेकंदांत जवळच्या कपाटात शिरायचं. बाहेरून काहीतरी घोंघावत निघून जातं. जो बाहेर राहिला तो मेला. अंधाऱ्या खोलीत कानाशी 'प्स्स्ट' असा आवाज आला तर वळून त्या प्राण्याकडे बघायचं, नाहीतर तो चावतो. पन्नासाव्या दारामागे लायब्ररी आहे. तिथे फिगर फिरतो. त्याला दिसत नाही, पण ऐकू येतं. म्हणून वाकून, पाय न वाजवता पुस्तकं गोळा करायची आणि कुलपाचा आकडा जुळवायचा. तो जवळ आला की कपाटात लपून हृदयाच्या ठोक्यांच्या तालावर बटणं दाबायची. ताल चुकला की पकडले गेलात.

रक्तबंबाळ काही दाखवलेलं नाही, कोणी कोणाला चिरत नाही. त्या बाबतीत हा सौम्यच म्हणायचा. आणखी एक गोष्ट मला मनापासून आवडली. इथल्या प्रत्येक भुताला नियम आहे. ते येण्याआधी खूण देतं, आणि तुम्ही मेलात की एक निळा प्रकाश तुमच्याशी बोलतो, तुम्ही कशामुळे मेलात, पुढच्या वेळी काय करायचं ते सांगतो. ज्या भीतीला नियम असतो ती मुलांना पेलते. ज्या मुलाला खेळ मानवतो त्याला यातून खरंच काहीतरी मिळतं: घाबरलेलं असतानाही कान उघडे ठेवणं, घाई न करणं, दुसऱ्याला सावध करणं.

मग बिघडतं कुठे? खेळातला नियम घरात शिरतो तिथे.

तीनेक वर्षांपूर्वी माझ्याकडे आठ वर्षांचा एक मुलगा आला होता (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून सांगते). त्याच्या घरी स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटचा चोक खराब झाला होता. एका रात्री जेवताना ती लुकलुकली आणि हा मुलगा ताट टाकून उठला, लोखंडी कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत जाऊन बसला. घरचे आधी हसले. दुसऱ्या दिवशी तेच झालं, तिसऱ्या दिवशी तो स्वयंपाकघरात जेवायलाच बसेना. मी विचारलं तेव्हा तो अगदी समजूतदारपणे म्हणाला, "मला माहितीये घरी रश येत नाही. पण माझे पायच पळतात."

या वयाच्या भीतीबद्दल मला कुठल्या पुस्तकाने याहून नेमकं काही सांगितलेलं नाही. एका संध्याकाळी तो खेळ मुलाला पुन्हा पुन्हा शिकवतो की दिवा लुकलुकला म्हणजे पळ. मनाला कळतं की हे खोटं आहे, शरीर मात्र तालीम लक्षात ठेवतं. आपल्याकडे तर दिवे जाणं-येणं रोजचं. पावसाळ्यात फेज गेली, इन्व्हर्टर सुरू होताना दिवे मिचकावले, की त्या मुलाच्या दृष्टीने घराचं हॉटेल झालं. तुमच्या मुलाचं बाथरूमही तसंच असणार: आपल्या घरांत ते बहुतेकदा पॅसेजच्या टोकाला असतं, आणि 'दार उघडून पुढच्या खोलीत जायचं' हीच तर या गेमची सगळी रचना आहे. त्याला एकदा हळूच विचारा, नेमकी कशाची भीती वाटते: अंधाराची, दाराची, की पाण्याच्या आवाजाची? उत्तर बहुधा फार नेमकं येईल.

भीती वयानुसार बदलते. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात जोॲन कँटर यांनी मुलं आणि पडद्यावरची भीती यावर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांचं एक निरीक्षण मला रोज उपयोगी पडतं. साधारण सातच्या आतली मुलं जे भयंकर *दिसतं* त्याला घाबरतात. अशा मुलाला "अगं, तो मुखवटा आहे" असं सांगून उपयोग होत नाही, त्याला कुशीत घ्यावं लागतं, पाणी द्यावं लागतं, दुसऱ्या कशात तरी गुंतवावं लागतं. मोठी मुलं *घडू शकेल* अशा गोष्टीला घाबरतात, आणि त्यांना समजावून सांगितलेलं लागू पडतं. आठ ते दहा हा मधला पट्टा. बुद्धी मोठ्या मुलाची, पाय लहान मुलाचे. तुमचा मुलगा नेमका त्यात आहे. म्हणून त्याला एकाच वेळी गेम हवाही असतो आणि रात्री तुम्ही दाराशीही हव्या असता. यात ढोंग काही नाही. त्याचा हट्टही खरा आहे आणि भीतीही.

सात वर्षांखालच्या मुलांना मी हा गेम देऊ नका असंच सांगते, शेजारी ताई-दादा खेळत असले तरी बघायलाही बसवू नका. अकरा-बाराच्या पुढे बहुतेक मुलांना तो झेपतो. मधल्या वयात मात्र वयाचा आकडा फारसं काही सांगत नाही. ते मूल बघावं लागतं.

आता या प्रश्नाचा खरा गाभा, ज्याबद्दल पालक क्वचितच विचारतात: हा खेळ *एकत्र* खेळायचा आहे.

भीती एकत्र अनुभवण्यात मजा असते, ती आपल्याला नवीन नाही. आजोळी अंगणात गोधड्या टाकून, दिवे मालवून मुंजाच्या, हडळीच्या, चकव्याच्या गोष्टी ऐकतच आपल्यातले कितीतरी लहानाचे मोठे झाले. माझी आजी वेताळाची पालखी अशी सांगायची की अंगावर काटा यायचा. पण आजीचा एक हात माझ्या पाठीवर असायचा. मी आक्रसले की तिला हाताला कळायचं, आणि पुढच्याच वाक्यात वेताळ कुठेतरी चिखलात पाय घसरून पडायचा. भीतीची चावी आजीच्या हातात होती आणि आजीचं लक्ष माझ्याकडे होतं. डेन्मार्कमधल्या ऑर्हुस विद्यापीठाच्या संशोधकांनी करमणुकीसाठी उभारलेल्या भुताच्या घरात शिरणाऱ्या लोकांच्या हृदयाचे ठोके मोजून २०२० मध्ये हेच मांडलं: भीती फार कमी असली तर मजा नाही, फार जास्त झाली तरी मजा नाही, मधे कुठेतरी गोडी असते. ती जागा प्रत्येकाची वेगळी. आजी ती हाताने ओळखायची.

गेममध्ये ती चावी कोणाच्या हातात असते? तुमच्या घरी ती तेरा वर्षांच्या आतेभावाच्या हातात आहे. चौघांचा वेग तो ठरवतो. त्याला झेपेल इतकी भीती चौघांच्या वाट्याला येते, आणि त्याला तुमच्या मुलाचा चेहरा दिसत नाही, फक्त आवाज ऐकू येतो.

शिवाय मधूनच थांबायची सोय नाही. हॉटेलची शंभर दारं एका दमात पार करायची असतात. पन्नासाव्या दाराशी सोडून दिलं तर उद्या पुन्हा पहिल्यापासून. एकट्याने खेळणारं मूल घाबरलं की टॅब उलटा करून ठेवतं, विषय संपला. चौघांत खेळणारं मूल उठलं तर तीन मित्र खोळंबतात, आणि दुसऱ्या दिवशी खाली खेळायला गेल्यावर "भित्रा" हे नाव चिकटतं. त्या वयात भुतापेक्षा ते नाव भारी पडतं.

एका मुलाला मी माझ्या खोलीत, त्याच्या नेहमीच्या मित्रांबरोबर व्हॉट्सॲप कॉल लावून खेळू दिलं होतं. पडद्याकडे मी फारसं बघितलंच नाही, त्याच्याकडे बघत होते. उजवा अंगठा टॅबवर, डाव्या मुठीत टी-शर्टचं टोक. लायब्ररीच्या आधी तो म्हणाला, "थांबा ना, मी पाणी पिऊन येतो." पलीकडून आवाज आला, "नंतर पी!" थोड्या वेळाने, "माझं चार्जिंग संपतंय वाटतं." चार्जिंग सत्तर टक्के होतं. मग, "आई बोलावतेय." आई बाहेर बाकावर पेपर वाचत होती. तीन वेळा त्या मुलाने सुटायची वाट मागितली, एकदाही "मला भीती वाटतेय" असं न म्हणता. खेळ संपला तेव्हा टी-शर्टचं टोक ओलं झालं होतं.

माझ्यापुरता कुठल्याही अशा गेमचा निकष हाच आहे. भूत किती भयंकर आहे हे मी नंतर बघते. आधी बघते की घाबरलेल्या मुलाला, नाव न जाता, मधेच उठता येतं का. तुमच्या मुलाला आत्ता ते येत नाही. गेम बंद करू म्हटल्यावर तो रडतो तेव्हा लगेच 'व्यसन लागलं' असा निष्कर्ष काढू नका. तो बहुधा आपली टोळी सुटेल म्हणून रडतोय.

म्हणून बंद करताना टोळी तुटू देऊ नका. त्याच चौघांना शनिवारी घरी बोलवा, कॅरम मांडा, किंवा रोब्लॉक्सवरच न घाबरवणारा दुसरा गेम खेळू द्या. तिथे अडथळ्यांच्या शर्यती आहेत, हॉटेल चालवायचे गेम आहेत. आतेभावाशी तुम्ही स्वतः बोला. त्याला रागावू नका, मोठेपणा द्या. "तू मोठा आहेस, त्याला झोप लागत नाहीये, महिनाभर दुसरं काहीतरी खेळाल का?" असं विचारलं की तेराची मुलं बहुतेक वेळा फार छान वागतात. आणि मुलाशी एक खुणेचा शब्द ठरवा. कुठल्याही गेममध्ये, कोणाच्याही घरी, त्याने फोनवर "आई, माझा डबा धुतला का?" असं काहीतरी विचारलं की तुम्ही मोठ्याने ओरडायचं, "आत्ताच्या आत्ता घरी ये!" वाईटपणा तुमच्याकडे, सुटका त्याची. हे मी कित्येक घरांना सुचवलंय, आणि मुलं तो शब्द जपून वापरतात.

आता रात्रीचं. पहिली गोष्ट, जेवणानंतर असा कुठलाच खेळ नको. घाबरलेलं शरीर लगेच निवत नाही. झोपायच्या आधी निदान दोन तास मोकळे हवेत. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते, आणि अपुरी झोप झालेलं मूल दुसऱ्या दिवशी आणखी सहज घाबरतं. हे चक्र झोपेपासून तोडणं सगळ्यात सोपं. पहाटेच्या सुमारास उठून "वाईट स्वप्न पडलं" म्हणून सांगत असेल तर जवळ घ्या, सकाळी त्या स्वप्नाचं चित्र काढायला सांगा, शेवट त्याला हवा तसा बदलू द्या. झोप लागल्यावर तास-दोन तासांतच किंचाळून उठत असेल, डोळे उघडे पण तुम्हाला ओळखत नसेल आणि सकाळी काहीच आठवत नसेल, तर तो प्रकार वेगळा. तेव्हा त्याला गदागदा हलवून जागं करू नका. लागू नये एवढं सांभाळा, तो आपोआप परत झोपतो. वारंवार होत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

बाथरूमसाठी पायरीपायरीने जा. या आठवड्यात तुम्ही दाराशी, पण बोलत. पुढच्या आठवड्यात पॅसेजच्या अलीकडच्या टोकाला. मग स्वयंपाकघरातून त्याला हाक देत. दिव्याचं बटण त्याच्या हाताला येत नसेल तर स्टूल ठेवा, दिवा त्यानेच लावायचा आणि त्यानेच बंद करायचा. रात्रभर घरभर दिवे जाळू नका. त्याने भीती जिवंत राहते, कारण अंधारात काही होत नाही हे त्याला कधी कळतच नाही.

त्या ट्यूबलाइटवाल्या मुलाबरोबर आम्ही हेच केलं. त्याच्या वडिलांनी चोक बदलला, पण त्याआधी चार दिवस मी तो तसाच ठेवायला सांगितला होता. भर दुपारी, सगळ्या खिडक्या उघड्या, बटणावर मुलाचा हात. तो लावायचा, बंद करायचा, लावायचा. दिवा आपल्या बोटाच्या हुकमाने लुकलुकतो, हे त्याच्या शरीराला कळू दिलं. मग संध्याकाळी तेच. तिसऱ्या आठवड्यात माझ्या लॅपटॉपवर आम्ही गेम लावला, आवाज पूर्ण बंद करून. रश आला आणि गेला. मुलगा पडद्याजवळ वाकून म्हणाला, "हा तर नुसता चेहराच आहे. ह्याला हातपण नाहीत." या गेममधली निम्मी भीती आवाजात आहे, हे पालकांनी स्वतः करून बघावं. हेडफोन लावून खेळणाऱ्या आणि स्पीकरवर हळू आवाजात खेळणाऱ्या मुलात मला रोज फरक दिसतो. नऊ-दहाच्या मुलांना असा गेम हेडफोनवर देऊच नका.

महिन्याने त्याने पुन्हा मागितला, आणि तोवर तो एकटा बाथरूमला जायला लागला असेल, तर द्या. पण दुपारी, बैठकीच्या खोलीत, तुम्ही शेजारी, आवाज कमी. आधी तुम्ही दोघंच. त्याला शिकवू द्या तुम्हाला. जे मूल आईला सांगतं, "आता लपायचं हं, मी सांगेन तेव्हा बाहेर ये," त्याच्या हातात चावी आलेली असते. मित्र त्यानंतर.

भुताबद्दल इतकं बोलले, पण या गेममधली जी गोष्ट मला पालक म्हणून जास्त बोचते ती भूत नाही. गेमच्या सुरुवातीला एक लॉबी असते, तिथल्या लिफ्टमध्ये कोणीही येऊन तुमच्याबरोबर चढू शकतं. रोब्लॉक्स हा एक गेम नाही. लोकांनी बनवलेले असंख्य गेम असलेला तो बाजार आहे, आणि ॲप स्टोअरवर दिसणारा वयाचा शिक्का त्या सगळ्या बाजाराला मिळून एकच असतो. आतल्या प्रत्येक गेमच्या पानावर मिनिमल, माइल्ड, मॉडरेट किंवा रिस्ट्रिक्टेड अशी वेगळी खूण असते, ती वाचा. मुलांच्या सुरक्षिततेवरून तुर्कस्तानने ऑगस्ट २०२४ मध्ये रोब्लॉक्सवर बंदी घातली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याने कंपनीवर खटला भरला. नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीने चॅटसाठी चेहऱ्यावरून वय तपासण्याची अट जाहीर केली. कंपनीने काय करायचं ते करू दे, घरचं दार आपण लावायचं.

आज संध्याकाळी एवढं करा. मुलाच्या खात्यावर जन्मतारीख काय टाकली आहे ते बघा. आतेभावाने खातं उघडून दिलं असेल तर ती चुकीची असण्याची शक्यता बरीच आहे, आणि तारीख मोठ्या वयाची असेल तर लहान मुलांसाठीची बरीच कुंपणं लागू होत नाहीत. स्वतःचं पालक म्हणून खातं उघडून त्याच्या खात्याला जोडा. मग गेमची पातळी, चॅट, रोजचा वेळ, खर्चाची मर्यादा सगळं तुमच्या फोनवरून ठरवता येतं. खर्चाचं मुद्दाम सांगते, कारण 'डोअर्स'मध्ये मेल्यावर रोबक्स (रोब्लॉक्सचं खऱ्या पैशाने विकत घ्यायचं चलन) मोजून पुन्हा जिवंत होता येतं, आणि मित्र पुढे निघालेत, आपण मेलोय, अशा क्षणी नऊ वर्षांच्या मुलाला पैशाचं भान राहत नाही. मित्रयादी त्याच्याबरोबर बसून वाचा. प्रत्येक नावाला विचारा, "हा कोण? कुठे भेटला?" ज्याला तो प्रत्यक्ष ओळखत नाही ते नाव काढा. "डिस्कॉर्डवर ये" असं कोणी म्हटलं असेल तर तेही विचारा; डिस्कॉर्ड हे गप्पा मारायचं वेगळं ॲप आहे. तिथे तेरा वर्षांखालच्यांना खातं उघडायची परवानगीच नाही. कोणी फोटो मागितला, भेटवस्तू देऊ केली, "घरी सांगू नको" म्हटलं, तर मुलाला रागावू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा. लहान मुलांसाठी १०९८ आणि सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हे क्रमांक आहेत.

दुसऱ्या गेमबद्दलही विचारणा होते म्हणून दोन शब्द. 'डेड बाय डेलाइट' वेगळ्या जातीचा आहे. त्यात पाचांपैकी एक खेळाडू स्वतः मारेकरी होतो, बाकीच्यांना पकडून लोखंडी आकड्याला टांगतो. युरोपात त्याला अठरा वर्षांचा शिक्का आहे आणि तो योग्यच आहे. 'फास्मोफोबिया'त रक्तपात कमी, पण त्यातलं भूत मायक्रोफोनमधून तुमचा खरा आवाज ऐकतं आणि प्रतिसाद देतं. मोठ्यांना त्यातच गंमत वाटते. लहान मुलाच्या बाबतीत मात्र पडदा आणि खोली यांच्यामधली भिंतच त्यामुळे जाते. खोलीत कुजबुजलेलं भुताला ऐकू गेलं, ही गोष्ट नऊ वर्षांच्या मुलाने झोपायला घेऊन जाऊ नये. तेरा-चौदाच्या आत मी तो सुचवत नाही. आणि यातलं काहीही व्हीआर चष्मा लावून तर अजिबात नको.

चार-पाच आठवड्यांत भीती उतरली नाही, दिवसाही खोलीत एकटा थांबेना, शाळेला जायला नको म्हणू लागला, सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालं, तर वाट बघू नका, जवळच्या बालमानसतज्ज्ञांना भेटा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं, तिथेही विचारू शकता.

राहिलं मुलाच्या वडिलांचं म्हणणं. "सवय होईल" यात तथ्य आहे, म्हणून ते उडवून लावू नका. भीतीची सवय खरंच होते, पण केव्हा? भीती थोडी असेल, मूल स्वतःहून तिच्यासमोर उभं राहिलं असेल आणि ती ओसरेपर्यंत तिथे थांबलं असेल तेव्हा. तुमच्या घरी उलटं होतंय. भीती टोकाला असताना खेळ संपतो, टॅब काढून घेतला जातो, दिवा मालवला जातो, आणि ती तशीच अंथरुणात जाते. असं रोज झालं तर सवय होत नाही, भीती मुरते. मुलगा असण्याचा याच्याशी संबंध नाही. माझ्याकडे मुली येतात तशी मुलंही येतात. फरक इतकाच की मुलं उशिरा येतात, कारण त्यांनी बरेच दिवस सांगितलेलंच नसतं.

वडिलांना एक काम द्या. ते स्वतः नऊ वर्षांचे असताना कशाला घाबरायचे, हे त्यांनी मुलाला सांगावं. एका वडिलांनी माझ्यासमोर सांगितलं होतं, गावाला रात्री परसाकडे जायचं तर वाटेत चिंच होती, तिच्याखाली मुंजा आहे म्हणायचे, आणि ते सहावीपर्यंत मोठ्या भावाचा शर्ट धरून जायचे. मुलगा आ वासून बघत राहिला. मग त्याने विचारलं, "आणि काका तुम्हाला भित्रा नाही म्हणायचे?" वडील म्हणाले, "म्हणायचा ना. पण शर्ट धरू द्यायचा." तुमच्याकडेही अशी एखादी गोष्ट असणारच. फक्त ती संध्याकाळी सांगायला सांगा, झोपताना नको.